चूळ भरू नका

एकविसाव्या वाढदिवसाला आजोबांनी माझ्या आईला
भेट दिली: तोंडातले सगळे दात काढून घ्यायचे.
सत्तावीस होते. किडलेले त्यांतले पाच.
बाकीचेही आज ना उद्या किडणारच, म्हणाले,
तो खर्च नवऱ्याच्या माथी कशाला?
लग्नाच्या फोटोत ती ओठ मिटून उभी आहे.
हातात फुलं, तोंडात कवळी,
दोन्ही दुकानातून आणलेली.

ग्रीनॉक म्हणजे तेव्हा साखर.
जहाजांतून यायची तपकिरी, कारखान्यातून जायची पांढरी,
वाळत घातलेल्या चादरींना करपल्या पाकाचा वास.
मी पॅकिंगला लागले अठराव्या वर्षी.
भुवईत साखर, बुटात साखर,
सुट्टीतल्या चहात चार चमचे, फुकट.

पस्तिशीत हिरड्यांतून रक्त यायला लागलं.
ब्रश लागत असेल म्हणून मी ब्रशच सोडला.
सोडायचा नसतो, तेव्हाच तर नाही;
हलक्या हाताने, हिरडीच्या कडेकडेने फिरवायचा,
आणि कुणाला तरी दाखवायचं.
हे कळलं तेव्हा दात लांब दिसू लागले होते.
मग हलले.
एका रविवारी मटणाच्या घासात एक निघाला,
माझाच.
दुखला नाही. घात तिथेच होतो.

कारखाना गेला. आता मी बालवाडीत, अर्धा दिवस.
नाश्ता झाला की बारा पोरं गोल बसतात.
बारा ब्रश, प्रत्येकाच्या दांडीवर एक चित्र,
रुआरीचा खेकडा, लुजैनचं होडकं.
पेस्ट वाटाण्याएवढी, धाकट्यांना नुसता पुसट लेप.
मी वाळूचं घड्याळ उलटं करते.
दोन मिनिटं म्हणजे किती, चार वर्षांच्या पोराला विचारा.

मग मी ओरडते: थुंका! चूळ भरू नका!
पहिल्यांदा मलाच विचित्र वाटलं,
जन्मभर खळखळून चूळ भरलेली बाई मी.
पण पेस्टमधलं औषध दातांवर जरा रेंगाळू द्यायचं असतं,
पाहुणा निघाला म्हणून लगेच ओसरी धुवायची नसते.

रुआरी हसताना तोंडावर हात धरायचा.
पुढचे चार दात काळे, हिरडीपर्यंत झिजलेले.
रात्री बाटली, बाटलीत सफरचंदाचा रस,
आई रात्रपाळीला, शेजारीण सांभाळायची.
मी त्या आईला काय बोलणार?
वीस वर्षं साखरेची पाकिटं चिकटवलेली मी.
एवढंच म्हणाले, बाटलीत पाणी घाल,
तीन रात्री रडेल.
अकरा रात्री रडला.

मार्चमध्ये हॉस्पिटलात त्याला गुंगी देऊन ते चार काढले.
सोमवारी आला. समोर मोकळी खिडकी.
हात खिशात,
आणि दात काढून हसला,
दात काढल्यावर, पहिल्यांदाच.

लुजैनचे आजोबा तिला न्यायला येतात,
काठीला टेकून मिसवाकची काडी चावत.
दात बघावेत त्यांचे, सत्तरीतले!
पण तंबाखू सुटत नाही.
एकदा जांभई दिली तेव्हा मला दिसला,
जिभेच्या कडेला पांढरा चट्टा.
बोटांनी विचारलं, किती दिवस?
त्यांनी दोन बोटं दाखवली: दोन महिने.
दुखतं? मान हलवली, नाही.
मी त्यांचा कोट धरला तो दवाखान्याच्या दारापर्यंत सोडला नाही.
तीन आठवड्यांत जे बरं होत नाही ते दाखवायचं.
माझा बाप लवंगेचं तेल लावत बसला होता,
पाइप ओढत.

तुकडा तपासायला गेलाय. अजून उत्तर नाही.
आजोबा रोज येतात. आम्ही हवेबद्दल बोलतो,
म्हणजे दोघंही आकाशाकडे बघतो.

रात्री मी वरची कवळी ब्रशने घासून पाण्यात ठेवते.
खाली माझे स्वतःचे चार उरलेत.
बालवाडीतून एक वाळूचं घड्याळ उचलून आणलंय, सांगू नका.
उलटं करते, घासते.
पोरांचं बरोबर आहे,
संपता संपत नाहीत ही दोन मिनिटं.
थुंकते.
नळाकडे हात जातो, अजूनही.
मागे घेते.